‘फक्त महिलांसाठी’ लिहिलेलं दार आणि अल्जेब्राइक टॉपॉलॉजीचा अभ्यास

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “सर, मी एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा आहे, तालुक्याच्या गावचा. अल्जेब्राइक टॉपॉलॉजीत, म्हणजे आकारांचा बीजगणिताने अभ्यास करणाऱ्या शाखेत, पीएच.डी. करायची इच्छा आहे. यंदा या विषयाची एक कार्यशाळा आणि एक फेलोशिप, दोन्हींच्या जाहिराती पाहिल्या आणि दोन्हींवर ‘फक्त महिलांसाठी’ असं लिहिलेलं होतं. माझ्याच वर्गातल्या मुलीला जे मिळतं ते मला केवळ पुरुष म्हणून मिळत नाही, हा लिंगभेद नाही का? आणि मग माझ्यासारख्यानं या विषयात शिरायचं कसं?”

तू ‘सर’ म्हणून विचारलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करतो. प्रश्न दोन आहेत आणि तू त्यांची एकच मोट बांधली आहेस. ती आधी सोडू. नाहीतर पहिल्याचा राग दुसऱ्यावर निघतो आणि अभ्यास तसाच राहतो. हे मी बऱ्याच हुशार पोरांच्या बाबतीत होताना पाहिलं आहे.

हा लिंगभेद आहे का? शब्दशः पाहिलं तर आहे. अर्जात ‘पुरुष’ लिहिलं म्हणून अर्जच घेत नसतील तर त्याला दुसरं नाव नाही. कुणी ‘छे, असं काही नसतंच’ म्हणत असेल तर तो तुला गप्प करतो आहे. पुढचा प्रश्न असा, की हा भेद कायद्याला चालतो का आणि न्यायाला धरून आहे का. ही दोन वेगळी मापं आहेत.

कायद्याचं आपल्याकडे बरंचसं स्पष्ट आहे. घटनेचं कलम १५(१) धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला शासनाला मनाई करतं. त्याच कलमाचा तिसरा खंड म्हणतो, की स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी खास तरतूद करायला या कलमाची आडकाठी नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९५३ साली नगरपालिकेतल्या स्त्रियांच्या राखीव जागांचा वाद आला, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी हे दोन्ही खंड एकत्र वाचले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा होता, की राज्याला स्त्रियांच्या बाजूने आणि पुरुषांच्या विरोधात भेद करता येतो, उलट दिशेने करता येत नाही. इतक्या उघडपणे हे नंतर क्वचितच कुणी मांडलं असेल. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आंध्र प्रदेशातला, नोकरभरतीत महिलांना ३० टक्क्यांपर्यंत प्राधान्य देणारा नियम वैध ठरवला. महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीतलं ३० टक्के महिला आरक्षण तुला माहीत असेलच. तेव्हा सरकारी पैशाने चालणाऱ्या महिला कार्यशाळेविरुद्ध कोर्टात जायचं मनात असेल, तर वकिलाची फी वाचव.

तरी १५(३) म्हणजे कोरा चेक नाही, हेही सांगतो. जुन्या दंडविधानातल्या कलम ४९७ खाली व्यभिचारासाठी फक्त पुरुषाला शिक्षा होती, स्त्रीला साथीदार म्हणूनही हात लावता येत नव्हता. पुरुष म्हणून आपल्यावर भेदभाव होतो, असं म्हणत एक आरोपी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ती केस मुंबईचीच. १९५४ मध्ये न्यायालयाने १५(३) दाखवून त्याला परत पाठवलं. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींनी ते कलमच रद्द केलं, तेव्हा मात्र १५(३)चा आधार त्याला पुरला नाही. स्त्रीला नवऱ्याची मालमत्ता समजणाऱ्या कलमाला स्त्रियांसाठीची खास तरतूद कसं म्हणणार, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे नुसतं ‘महिलांसाठी’ असं लेबल लावून भागत नाही. तरतूद खरोखर काय करते ते पाहिलं जातं.

युरोपात काटा वेगळीकडे झुकतो. स्वीडनमध्ये एक नियम होता, की विद्यापीठातल्या काही प्राध्यापकपदांवर पुरेशी पात्रता असलेली स्त्री कमी गुणांची असली तरी ती घ्यायची, फरक फार मोठा नसला म्हणजे झालं. गोथेनबर्ग विद्यापीठातल्या अशा नेमणुकीचा वाद युरोपीय न्यायालयात गेला आणि २००० साली तो नियम युरोपीय कायद्यात बसत नाही असा निकाल लागला. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाने २०१९ मध्ये सगळी कायम अध्यापकपदं पहिले सहा महिने फक्त स्त्रियांसाठी खुली ठेवायची असं ठरवलं. तक्रारी झाल्या, आणि २०२० मध्ये तिथल्या मानवी हक्क संस्थेने हे फार झालं असं म्हटलं. कुठल्या विभागात स्त्रिया किती कमी आहेत हे न बघता सरसकट दार बंद करता येणार नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप. विद्यापीठाला योजना आवरती घ्यावी लागली. उलट ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाच्या गणित विभागाने २०१६ मध्ये तीन पदांची जाहिरात फक्त स्त्रियांसाठी काढली. गदारोळ झाला, पण कायद्यातल्या विशेष उपाययोजनेच्या तरतुदीखाली ती खपली. एकाच तऱ्हेच्या कृतीला तीन देशांत तीन उत्तरं. तुला राग आला म्हणून तू मागासलेला ठरत नाहीस, आणि राग आला म्हणून तुझं बरोबरही ठरत नाही.

आता माझं मत. मी असल्या गोष्टी एकाच तागडीत टाकत नाही. आठवड्याभराची कार्यशाळा, तीन वर्षांची फेलोशिप आणि निवृत्तीपर्यंतची नोकरी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. कायम पदासाठी पुरुषाचा अर्जच उघडून न पाहणं मला पटत नाही. तिथे एका माणसाच्या पुढच्या तीस वर्षांचा निकाल लागतो, आणि तो त्याच्या कामाकडे न बघता लागतो. फेलोशिपचं मी कारण विचारीन. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीएच.डी. योजना २७ ते ४५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. ते वय बघितलं तरी कळतं की लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली यांत ज्यांचा अभ्यास तुटला त्यांना परत आणायची ती सोय आहे. तुझ्या बावीस-तेवीस वर्षांच्या रांगेत ती योजना उभीच नाही. आणि आठवड्याभराच्या कार्यशाळेबद्दल मला काहीच वावगं वाटत नाही.

का वाटत नाही तेही सांगतो. टॉपॉलॉजीतल्या स्त्रियांच्या एका उपक्रमाची पहिली कार्यशाळा २०१३ मध्ये कॅनडात बान्फ इथे झाली. तिथली रीत अशी, की अनुभवी संशोधक एकेका गटाची धुरा घेतात, नव्या मुली गटात येतात, आणि घरी जाताना एक अर्धामुर्धा शोधनिबंध हातात असतो. पुरुषांना हे मिळत नाही का? मिळतं, फक्त त्याची जाहिरात नसते. परिषदेच्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर, होस्टेलच्या गच्चीवर, रात्री अकराला फळ्यासमोर. आपल्याकडे किती ठिकाणी मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री लवकर बंद होतं, हे तुझ्या वर्गमैत्रिणीला विचार. तुला गच्चीवर बसून जे फुकट मिळतं त्याच्यासाठी तिला अर्ज भरावा लागतो.

एक फरक नीट समजून घे, बरीच मंडळी इथे गफलत करतात. आयआयटीतल्या मुलींच्या वाढीव जागा २०१८ पासून आल्या, १४ टक्क्यांपासून सुरुवात करून २०२० पर्यंत २० टक्के मुली व्हाव्यात असं लक्ष्य होतं. या जागा ‘सुपरन्युमररी’ आहेत, म्हणजे मूळ जागा न कापता वर घातलेल्या. ‘मुलींनी आमच्या जागा खाल्ल्या’ हे तिथे लागू होत नाही. महाराष्ट्राच्या नोकरभरतीतलं समांतर आरक्षण मात्र आहे त्या जागांतूनच येतं, तिथे कुणाची तरी जागा खरोखर जाते. तक्रार करायची तर कुठल्या प्रकाराबद्दल बोलतो आहोत हे आधी ठरवावं.

आणि तुझ्या वाटेवर नेमकं काय आडवं आहे ते मोज. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) प्रवेश परीक्षा, जॅम-गेट-नेट या देशपातळीवरच्या परीक्षा, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची पीएच.डी. शिष्यवृत्ती या सगळ्या मुलांना खुल्या आहेत. जेआरएफसाठी (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मुलींना वयात पाच वर्षांची सूट आहे, गेट-जॅमला फी कमी आहे. यूजीसीच्या नियमांत पीएच.डी.साठी स्त्रियांना दोन वर्षं जादा आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे. एकुलत्या एक मुलीसाठी सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे. यादी एवढ्यावर साधारण संपते. यातलं काहीही तुझा टॉपॉलॉजीचा पेपर अवघड करत नाही.

पुरुष म्हणून खरी झळ कुठे बसते ते मला विचारशील तर मी दुसरीकडे बोट दाखवीन. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांच्या आणि २० टक्के पुरुषांच्या असतात. नर्सिंग शिकलेल्या पुरुषाला ही चौकट रोज टोचते. तिथे मूळ कारण ‘पुरुष लबाड म्हणून बाहेर’ असं नसून ‘सेवा म्हणजे बायकांचं काम’ हे आहे, म्हणजे दोघांनाही खाली ढकलणारं. केंद्र सरकारी नोकरीत बापाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा, आईला १८० दिवस. बालसंगोपनाची ७३० दिवसांची रजा स्त्रीला मिळते, पुरुषाला मिळते ती तो एकटा पालक असेल तरच. बायको नोकरी करते, नवरा पीएच.डी. करतोय, मूल झालं, तर त्याच्यासाठी नियमावलीत जवळपास काही नाही. हा भेदभाव पुरुषांविरुद्ध आहे, आणि त्याची किंमत पुन्हा बाईच चुकती करते, कारण रजा फक्त तिलाच आहे म्हटल्यावर घरी तीच बसते.

तुझ्यासारख्याला त्याहूनही जवळची गोष्ट घरातली. मुलगी एम.एस्सी. करते म्हटल्यावर ‘शिकू दे, लग्न होईपर्यंत’ असं म्हणतात. हे तिला दुय्यम लेखणंच आहे, पण त्यात तिला दोन वर्षं मिळून जातात. मुलाला मात्र पहिल्या सत्रापासून प्रश्न असतो: “याला नोकरी काय लागणार?” एमपीएससीचा फॉर्म बाबांनी आधीच आणून ठेवलेला असतो. बहिणीच्या लग्नाचं कर्ज, शेतातली विहीर, आईचं औषधपाणी, सगळ्याच्या हप्त्यांवर मुलाचं नाव न लिहिता लिहिलेलं असतं. गणितात बुद्धी असलेले आणि एम.एस्सी.नंतर कोचिंग क्लासमध्ये अडकलेले जे मुलगे मी पाहिले, त्यांतल्या कुणाला एखाद्या महिला कार्यशाळेने अडवलं नव्हतं. त्यांना पहिल्या पगाराच्या तारखेने अडवलं होतं. यावर उपाय म्हणून घरी एक आकडा सांग: जेआरएफ मिळाली की दरमहा विद्यावेतन सुरू होतं, ते बऱ्याच खासगी कॉलेजांतल्या तासिका तत्त्वावरच्या मानधनापेक्षा बरं असतं. ‘पीएच.डी. म्हणजे अजून पाच वर्षं फुकट’ हा समज घरच्यांच्या डोक्यातून आधी काढावा लागतो, नंतर होमॉलॉजी, म्हणजे आकारातली भोकं बीजगणिताने मोजायची रीत.

विषयाकडे वळण्याआधी थोडा इतिहास, कारण तो नेमका याच विषयाच्या पायात आहे. ‘होमॉलॉजी ग्रुप’ हे जे तू शिकणार आहेस त्यातला ‘ग्रुप’ (बेरजेसारखी क्रिया असलेला संच) एमी नोएथर या जर्मन गणितज्ञ बाईमुळे आला. प्वाँकारेने १८९५ पासूनच्या निबंधांत हा विषय उभा केला, पण त्याच्याकडे हिशेब आकड्यांचा होता: बेट्टी आकडे (कुठल्या मितीत किती भोकं) एकीकडे, टॉर्शनचे आकडे (ते काय, हे खालच्या उदाहरणात येईल) दुसरीकडे. १९२५-२६च्या सुमारास नोएथरने दाखवलं, की हे आकडे म्हणजे एकाच ग्रुपच्या खुणा आहेत, तेव्हा ग्रुपच धरा. त्या हिवाळ्यात ती हॉलंडमध्ये ब्राउवरकडे गेली होती, तरुण अलेक्झांड्रॉफ तिथेच होता. पुढे हॉप्फ नावाचा दुसरा तरुण गॉटिंगनमध्ये तिच्या व्याख्यानांना बसला आणि १९२८ मध्ये त्याने ऑयलर-प्वाँकारे सूत्र ग्रुपच्या भाषेत नव्याने लिहिलं. दोघांनी मिळून पुढे टॉपॉलॉजीचं जे पुस्तक लिहिलं त्याने एक पिढी घडवली.

आणि ही नोएथर गॉटिंगन विद्यापीठात होती कशी? हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी तिला १९१५ मध्ये बोलावलं, पण बाई म्हणून अध्यापनाचा अधिकार द्यायला प्राध्यापकमंडळींचा विरोध. मग काही वर्षं तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत आणि ‘डॉ. नोएथर यांच्या साहाय्याने’ असं खाली लिहिलेलं असे. १९१९ मध्ये अधिकार मिळाला. प्राध्यापक ही पदवी १९२२ मध्ये मिळाली, तीही बिनपगारी. १९३३ मध्ये ज्यू म्हणून नाझींनी काढलं, अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात गेली, आणि १९३५ मध्ये वारली. केंब्रिजचं याहून विचित्र. तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, त्यांतला पहिला सीनियर रँग्लर. रँग्लर म्हटलं की आपल्याला १८९९चे परांजपे आठवतात. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८९० मध्ये फिलिपा फॉसेट गणितात सर्वांच्या वर आली, तिच्या नावापुढे ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं वाचलं गेलं, पण सीनियर रँग्लर हा मान तिच्या खालच्या मुलाला दिला. स्त्रियांना केंब्रिजने पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडलं. तेव्हा जगभर जी दारं बंद होती ती आठवड्याची नव्हती, पदवीची होती. याने तुझ्या आजच्या तक्रारीचं उत्तर मिळत नाही हे मान्य. तू काही १८९० मध्ये केंब्रिजात नव्हतास. पण कार्यशाळा भरवणाऱ्यांच्या डोक्यात कुठला हिशेब आहे तो तुला दिसावा एवढंच.

जाता जाता एक गंमत. १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ काढून, पुरुषांना प्रवेशच नाही अशी संस्था उभी करणारे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये काय शिकवत होते? गणित.

आता अभ्यास. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण हे तुझ्या हातात आहे.

पहिला अडथळा बहुतेकांचा टॉपॉलॉजीत नसतो, बीजगणितात असतो. कोशंट ग्रुप म्हणजे काय हे व्याख्येपुरतं येतं, पण ‘या ग्रुपला त्याने भागलं तर उरलं काय’ हे हाताने काढता येत नाही. तेव्हा फ्री आबेलियन ग्रुप, फायनाइटली जनरेटेड आबेलियन ग्रुपचं रचना-प्रमेय, आणि पूर्णांकांच्या मॅट्रिक्सला रो-कॉलम करून कर्णावर आणणं, ज्याला स्मिथ नॉर्मल फॉर्म म्हणतात, एवढं आधी पक्कं कर. दुसऱ्या बाजूने पॉइंट-सेट टॉपॉलॉजीतून कोशंट टॉपॉलॉजी, कॉम्पॅक्टनेस, कनेक्टेडनेस. मेट्रायझेशनची मोठी प्रमेयं सध्या बाजूला ठेवलीस तरी चालेल.

मग एक उदाहरण अगदी जवळून कर. चौकोनी कागद घे. समोरासमोरच्या कडांची एक जोडी ‘अ’, दुसरी ‘ब’. दोन्ही जोड्या सरळ चिकटवल्या की सायकलच्या ट्यूबसारखा टोरस मिळतो. ‘ब’ची जोडी उलटी फिरवून चिकटवली की क्लाइन बॉटल, जी तीन मितींत स्वतःला न छेदता बनवता येत नाही, पण हिशेबाला त्याची गरज नाही. चारही कोपरे दोन्हीकडे एकाच बिंदूत येतात. म्हणजे एक बिंदू, दोन कडा, एक पृष्ठ. ऑयलरचा आकडा (बिंदू वजा कडा अधिक पृष्ठं) १ − २ + १ = ०, दोघांचाही तोच. आता पृष्ठाच्या कडेने एक फेरी मार. टोरसवर फेरी होते अ, ब, उलटा अ, उलटा ब, बेरीज शून्य. क्लाइन बॉटलवर अ, ब, उलटा अ, पुन्हा सुलटा ब, बेरीज २ब. कडा दोन्ही बंद आहेत, कारण दोन्ही टोकं त्याच बिंदूत. तेव्हा पहिली होमॉलॉजी म्हणजे अ आणि ब यांचा फ्री आबेलियन ग्रुप, भागिले ती कडेची बेरीज. टोरसला शून्याने भागून काही जात नाही, पूर्णांकांच्या दोन प्रती उरतात. क्लाइन बॉटलला २ब शून्य मानायचं, म्हणून पूर्णांकांची एक प्रत आणि तिच्या शेजारी दोन घटकांचा एक ग्रुप उरतो. ‘ब’वरून एकदा फिरलास तर कुठल्याच पृष्ठाची कड होत नाही, दोनदा फिरलास की होते. हे टॉर्शन. दुसरी होमॉलॉजी टोरसला पूर्णांक, क्लाइन बॉटलला शून्य.

आता फक्त बेट्टी आकडे लिही. क्लाइन बॉटलचे १, १, ०. साध्या वर्तुळाचेही १, १, ०. नुसते आकडे बघितले तर ही दोन रूपं वेगळी ओळखू येत नाहीत, ग्रुप बघितला की लगेच येतात. नोएथरने एवढ्याशा गोष्टीसाठी का आग्रह धरला ते इथे कळतं, आणि हे कळायला तुला अर्धं पान पुरलं. परीक्षेसाठी सिंप्लिशियल, सिंग्युलर, सेल्युलर अशा व्याख्या तोंडपाठ करणारी मुलं हा हिशेब कागदावर करत नाहीत, आणि मुलाखतीत नेमका हाच विचारला जातो.

पुस्तकाचं म्हणशील तर दोन नावं पुरेत. मंकरेस यांच्या टॉपॉलॉजीच्या पुस्तकाचा दुसरा भाग फंडामेंटल ग्रुप आणि कव्हरिंग स्पेससाठी, शांतपणे पायरी-पायरीने नेतो. नंतर हॅचर. त्यांचं २००२चं पुस्तक त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत आहे, चोरून डाउनलोड करायची गरज नाही. पण सावध, हॅचर गप्पा मारल्यासारखं लिहितात. चित्र दाखवतात आणि ‘हे उघड आहे’च्या सुरात पुढे जातात, त्यामुळे सिद्धतेतली अर्धी वाक्यं तुला स्वतः लिहावी लागतात. दुसरं प्रकरण, होमॉलॉजीचं, ते काम सर्वांत जास्त मागतं. तिथे आठवड्याला तीन-चार पानं झाली तरी बास. लाँग एक्झॅक्ट सीक्वेन्समधला जोडणारा मॅप (कनेक्टिंग मॅप) एकदा तरी घटक धरून पूर्ण लिहून काढ, कंटाळा आला तरी. मायर-व्हिएटोरिस (रूपाचे दोन तुकडे करून होमॉलॉजी काढायची रीत) वापरून गोल, टोरस, क्लाइन बॉटल पुन्हा काढ, उत्तरं वरच्याशी जुळली पाहिजेत. मग रिअल प्रोजेक्टिव्ह स्पेस, सेल्युलर पद्धतीने, म्हणजे रूपाचे एकेका मितीचे तुकडे (सेल) पाडून: सीमेचे मॅप आळीपाळीने ० आणि २ येतात, त्यात सगळी गंमत आहे. कोहोमॉलॉजीकडे घाई करू नकोस. कप प्रॉडक्ट कशासाठी लागतं हे तेव्हाच पटतं, जेव्हा एकच होमॉलॉजी असलेली दोन रूपं तुझ्यापुढे येतात आणि वेगळी करता येत नाहीत.

एकट्याने हे होत नाही, तेव्हा माणसं कुठे मिळतील ते सांगतो. एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा उन्हाळी उपक्रम १९९३ पासून चालू आहे. तो बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो, उत्तरं पाठ करायला नाही. राष्ट्रीय गणित केंद्र टीआयएफआर आणि आयआयटी मुंबई मिळून चालवतात, त्यांच्या वार्षिक फाउंडेशन स्कूलमध्ये बीजगणित, विश्लेषण यांच्या जोडीला टॉपॉलॉजीही असते, राहण्या-खाण्याचा खर्च तेच करतात. दोन्ही मुलग्यांना खुले आहेत. शिफारसपत्र लागतं, म्हणून विभागातल्या एका तरी शिक्षकाला तुझं काम आजपासून दिसू दे. पुण्याचं आयसर, चेन्नईची गणित विज्ञान संस्था, कोलकाता-बेंगळुरूच्या आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) इथल्या प्राध्यापकांची पानं वाच. कोण सध्या होमोटोपीवर आहे, कोण लो-डायमेन्शनल टॉपॉलॉजीवर, हे दोन वेगळे स्वभाव आहेत. पहिल्यात बीजगणित जड, दुसऱ्यात डोळ्यांपुढे चित्र यावं लागतं.

आणि त्या महिला कार्यशाळेचं? संयोजकांना चार ओळींची नम्र ईमेल कर: सहभागी होता येत नाही हे माहीत आहे, पण टिपणं आणि प्रश्नसंच मिळतील का. बहुतेक जण पाठवतात, अनेकदा टिपणं नंतर जाहीरच केली जातात. तुझ्या वर्गातली ती मुलगी जाऊन आली, की तिच्याबरोबर बसून ते प्रश्न सोडव. तिलाही बोलायला कुणीतरी हवंच असतं. ईमेलमध्ये लिंगभेदाचा विषय काढू नकोस. त्यावर मत मांडायचं असेल तर वेगळं आणि सही करून मांड, ज्या नियमाला आक्षेप आहे त्याचा परिच्छेद देऊन. कायम पदाच्या जाहिरातीबद्दल असं कधी लिहिलंस तर मीही तुझ्या बाजूने सही करीन.

सध्या हे कर. तीन मितींचा गोल (चार मितींतल्या चेंडूचा पृष्ठभाग) घे, त्यावर ५ घटकांचा सायक्लिक ग्रुप लाव आणि जे लेन्स स्पेस मिळेल त्याच्या चारही होमॉलॉजी काढ. सेल प्रत्येक मितीत एकच येतो, सीमेचे मॅप ०, ५, ० असे यायला हवेत. वेगळं काही आलं तर ग्रुपची क्रिया सेलना कुठे नेते ते लिहून खाली टाक, मी बघतो.